बाणाखालची रिकामी जागा

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

आणि हे रात्री घडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पिंपळ नाही, अमावस्या नाही, कुत्र्याचं रडणं नाही. १९६७ सालचा पितृपक्ष, अविधवा नवमी, दुपारचे सव्वादोन. नागपूरच्या महाल भागातलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. स्वयंपाकघरात वडे तळून ठेवलेले, आणि बाहेर ऊन असं की अंगणातली फरशी तळपायाला चटके देत होती. भुताला यायला याहून गैरसोयीची वेळ शोधून सापडणार नाही.

तरी ते आलं...

किंवा गेलं. सतरा वर्षं झाली, पण कोण आलं आणि कोण गेलं याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावशी. माझ्या आईची धाकटी बहीण. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. म्हणून मी तिला इथे नुसती सुमतीच म्हणतो.

सुमतीचा नवरा मार्तंड गांधीबागेतल्या एका फोटो स्टुडिओत आर्टिस्ट होता. आता आर्टिस्ट म्हणजे काय, ते सांगायला हवं.

त्या काळी घरोघरी माणसांचे फोटो नसत. बाईमाणूस तर जन्मात एकदा फोटोत यायची, तीही दहा-पंधरा जणींच्या घोळक्यात. मग ती गेली, की घरचे लोक तो घोळक्याचा फोटो घेऊन स्टुडिओत येत आणि बोट ठेवून सांगत, "यातली ही."

मार्तंड बारीक ब्रश घ्यायचा. पांढऱ्या रंगानं त्या डोक्याच्या बोटभर वर एक बाण काढायचा. डार्क रूममधला कवडू त्या बाणाखालचा चेहरा तेवढा उचलून मोठा करायचा. शेजारणींचे खांदे मार्तंड रंगानं झाकून टाकायचा. चार दिवसांनी हार घालायला फोटो तयार.

स्टुडिओत एक नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण मालकापासून कवडूपर्यंत सगळे पाळायचे.

जिवंत माणसाच्या डोक्यावर बाण काढायचा नाही.

एकदा एका गिऱ्हाइकानं चुकून दुसऱ्याच माणसावर बोट ठेवलं. चूक कळल्यावर मार्तंडनं बाण पुसला, ब्रश मोडून टाकला आणि घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली. हे त्यानंच सुमतीला हसत हसत सांगितलं होतं. हसला, पण नवीन ब्रश घेतलाच.

आता मुख्य गोष्ट. सुमती ही मार्तंडची दुसरी बायको.

पहिली अरुंधती. आदल्या वर्षी श्रावणात काविळीनं गेली. मूलबाळ नव्हतं. गेली ती गेली, पण घरातून काही हलली नाही. मिठाची बरणी कुठे ठेवायची? अरुंधती ठेवायची तिथे. वरणाला फोडणी कशाची? अरुंधती द्यायची तशी. शेजारच्या यमुताई तर रोज दारात उभ्या राहून एक तरी वाक्य टाकून जायच्या, "आमची अरू असती ना, तर..."

अरू असती तर सुमती इथे नसती, एवढं साधं यमुताईंना कळत नव्हतं. की कळत होतं?

सुमती जळायची. सरळच सांगतो, मावशीनंही मला सरळच सांगितलं. जिवंत सवत असती तर भांडता तरी आलं असतं. मेलेलीशी भांडायचं कसं? ती चुकत नाही, म्हातारी होत नाही, तिची भाजी कधी करपत नाही.

मार्तंड वाईट नव्हता. सिनेमाला न्यायचा, गजरा आणायचा. पण तो सुमतीकडे पाहायचा ते मन कुठेतरी दुसरीकडे ठेवून. सुमतीला बाकी काही नको होतं. त्यानं एकदा, फक्त एकदा, तिच्याकडे पूर्ण पाहावं, एवढंच हवं होतं.

अशात अरुंधतीची आई आली. इंदूबाई. थकलेली, गोड बोलणारी म्हातारी.

"सुमती, पहिलीच्या नावाचा टाक तू गळ्यात घातला नाहीस, मी काही बोलली नाही," ती म्हणाली. "नवीन जमाना आहे. पण यंदा तिची पहिली अविधवा नवमी. भिंतीवर फोटो तरी असू दे वं. माझ्यापाशी तिचं काहीच नाही."

चांदीचा तो इवलासा टाक दुसरीनं गळ्यात बाळगला की गेलेली सवत रागावत नाही, असं मानतात. सुमतीनं लग्नातच मान हलवून नाही म्हटलं होतं.

"आणि आता तूच माझी लेक," इंदूबाई म्हणाली.

सुमतीनं चहाची कपबशी इतक्या जोरात ठेवली की बशीला चीर गेली.

फोटो यमुताईंकडे होता. आदल्या वर्षीच्या संक्रांतीचं हळदीकुंकू, शाळेच्या पटांगणात. चौदा जणी, तीन रांगा. मधल्या रांगेत तिसरी अरुंधती. मागच्या रांगेच्या उजव्या टोकाला एका माणसाची जागा रिकामी, तिच्यामागे शाळेचं बंद दार. कोणीतरी उशिरा येणार होती म्हणून जागा ठेवली होती. ती आलीच नाही.

मार्तंडनं तो फोटो घरी आणला. खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला. आणि भिंग घेऊन बसला...

एक संध्याकाळ. दोन संध्याकाळ. तीन.

बाण काढायला त्याला दोन मिनिटं लागायची. इथे तीन दिवस नुसतं पाहणं चाललं होतं. सुमतीनं दोनदा जेवायला हाक मारली, त्याला ऐकू गेली नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं एकदाचा बाण काढला. मग वाकून त्यावर हळूच फुंकर घातली, रंग वाळावा म्हणून.

ती फुंकर सुमतीच्या काळजात गेली. इतक्या हळुवारपणे त्यानं तिचं कधी काही केलं नव्हतं.

"उद्या घेऊन जाईन," म्हणत त्यानं फोटो पाकिटात ठेवला आणि तो कामावर गेला.

घरात ती आणि ते पाकीट. दुपार होती. यमुताई झोपल्या होत्या, आळीत सामसूम.

सुमतीनं फोटो काढला. भिंग लावलं.

अरुंधती काही सुंदर नव्हती. नाक बसकं. पण हसत होती... बाकी तेरा जणी कॅमेऱ्यासमोर ताठ उभ्या, ही एकटी हसत होती. कोणाकडे पाहून, ते सुमतीला माहीत होतं. त्या दिवशी कॅमेऱ्याशेजारी मार्तंड उभा होता.

तिनं कापूस ओला केला आणि बाण पुसला.

पुसताना विचार केला नाही, असं मावशी म्हणाली. तो आला नंतर. कारण बाणाशिवाय फोटो परत ठेवला तर मार्तंड दुसरा काढणार. बाण हवाच होता, पण कोणावर? उरलेल्या तेरा जणी जिवंत. यमुताई तर भिंतीपलीकडे घोरत होत्या. सुमतीला राग होता, पण कोणाच्या जिवावर उठण्याइतका नव्हता.

मग तिला ती रिकामी जागा दिसली.

तिथे कोणीच नाही. कोणाचं वाईट होणार नाही. कवडूला बाणाखाली कोणी सापडणार नाही, तो फोटो परत पाठवील, तोवर नवमी टळून जाईल. तिनं ब्रश बुडवला आणि त्या मोकळ्या जागेवर, बंद दाराच्या समोर, सुबक बाण काढला. चार महिने पाहून पाहून तिचा हात बसला होता.

तेवढ्यात मागे कोणीतरी फुंकर घातली...

सुमती वळली. कोणी नव्हतं. खिडकी बंद होती.

पुन्हा फोटोकडे पाहिलं, तर बाण वाळलेला होता.

दुसऱ्या दिवशी मार्तंड पाकीट घेऊन गेला. संध्याकाळी आता बोलणी खावी लागणार म्हणून सुमती जीव मुठीत धरून बसली होती. मार्तंड आला, हातपाय धुतले, जेवला.

"दिलात फोटो?" तिनं विचारलं.

"दिला ना. कवडूनं कामाला घेतला."

"काही म्हणाला नाही?"

"काय म्हणणार?"

त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी उठून ती डब्याच्या निमित्तानं स्टुडिओत गेली. मार्तंड मालकाशी बोलत होता. कवडू डार्क रूमच्या दारात हात पुसत उभा होता.

"कवडूभाऊ, तो हळदीकुंकवाचा फोटो... सापडली का त्यात?"

"हाव ना वहिनी. सापडली ना. मागच्या लायनीत, कोपऱ्यात उभी हाये. जराशी हालून राहिली, पण मी बरोबर करतो."

सुमती डार्क रूमच्या दारापर्यंत पुढे आली.

"कोपऱ्यात कोणीच नाही, कवडूभाऊ."

"आता तुमाले काय सांगू? मी काही चेहरा पाहत नाही, बाण पाहतो." तो आत गेला आणि फोटो घेऊन आला. "हे पाहा."

बाणाखाली, बंद दारासमोर, काहीतरी होतं...

चेहरा नव्हता. धुरकट उभी आकृती. खांद्यावरून पदर घेतलेला. पदराचे काठ मात्र स्पष्ट होते, रुंद, चौकटीचे. असे काठ सुमतीनं कुठेतरी पाहिले होते. खाली मान घालून तिनं स्वतःच्या अंगावरचा पदर पाहिला.

मग मधली रांग पाहिली. तिसरी अरुंधती होती, पण फिकट. तिच्यातून मागच्या बाईची साडी दिसत होती.

सुमती घरी कशी आली हे तिला आठवत नाही.

त्या दिवसापासून घर बदललं. म्हणजे घर तेच, पण...

दुधवाला दारात आला. सुमती भांडं घेऊन त्याच्या समोर उभी. तो आत डोकावून ओरडला, "घरात कोणी आहे का नाही?"

यमुताई आल्या. दारातून सगळीकडे पाहिलं, आणि "गेली वाटतं कुठे," असं पुटपुटत परत गेल्या. सुमती तीन हातांवर बसून तांदूळ निवडत होती.

संध्याकाळी मार्तंड आला. "कुठे होतीस?"

"इथेच तर बसली आहे."

"हो का?" तो म्हणाला आणि डोळे चोळले.

दुसऱ्या दिवशी मिठाची बरणी जुन्या जागेवर दिसली. सुमतीनं ती हलवली. पाणी भरून आली, तर बरणी पुन्हा तिथेच. बाहेरच्या खोलीत बांगड्या वाजल्या... सावकाश, कामात असलेल्या बाईच्या वाजाव्यात तशा. ती धावत गेली. कोणी नव्हतं, पण तिचा अर्धवट आवरलेला बिछाना कोणीतरी नीट घडी घालून ठेवला होता. सुमतीला अशी घडी जमत नव्हती. यमुताई त्यावरून टोमणे मारायच्या.

आणि तिसऱ्या दिवशी तिनं आरशासमोर कुंकू लावलं, तेव्हा कपाळावर बोट टेकल्याचं तिला जाणवलंच नाही.

तिला ओरडून सांगायचं होतं. पण काय सांगणार? मी तुमच्या बायकोचा बाण पुसला, असं? चार महिन्यांच्या संसारात त्यानं आधीच तिला अर्धं मन दिलं होतं, हे कळल्यावर तेही राहिलं नसतं. ती गप्प बसली. त्या भीतीतही मत्सरच मोठा होता, हे मावशीनंच मला सांगितलं.

नवमीचा दिवस उजाडला. इंदूबाई सकाळीच आली. गेलेलीच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची असते, म्हणून यमुताईंना बोलावलं होतं. त्यांच्यासाठी पाट मांडला, रांगोळी काढली, खणानारळाचं ताट तयार ठेवलं. सगळं सुमतीनं केलं. वडे तळताना तेल हातावर उडालं, तेही तिला भाजलं नाही.

सव्वादोनला कवडू आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम, हातात ते पाकीट.

"पाहून घ्या. अशी साफ निघाली, का विचारू नका."

मार्तंडनं सुतळी सोडली. कागद बाजूला केला.

दारातून ऊन थेट काचेवर पडलं होतं. क्षणभर काही दिसेना.

मग दिसलं...

फ्रेममध्ये सुमती होती.

सुमतीच. उजव्या भुवईवरचा लहानपणीचा व्रण, पुढचा किंचित तिरका दात, चौकटीच्या काठांचा पदर. डोळे मोठे झालेले, काहीतरी सांगायला तोंड नुकतंच उघडलेलं. हळदीकुंकू झालं तेव्हा ही मुलगी माहेरी वर्ध्याला होती. नागपूरचं हे पटांगण तिनं पाहिलंही नव्हतं.

"अरू!" इंदूबाईनं टाहो फोडला. "माझी अरू! अगदी तश्शी!"

"जशी होती तशीच आली हो," यमुताईंनी डोळ्याला पदर लावला.

मार्तंडनं हार उचलला आणि दोन्ही हातांनी फ्रेमला घातला.

"अहो, हा माझा फोटो आहे," सुमती म्हणाली.

कोणी वळून पाहिलं नाही.

"मी आहे ही! अहो, व्रण पाहा ना!"

कवडू पायरीवर बसून चपला घालत होता. त्यानंही मान वर केली नाही.

तिनं पाकिटातून मूळ फोटो ओढून काढला. मागच्या रांगेत, बाणाखाली, बंद दारासमोर ती उभी होती. आता जरासुद्धा हललेली नव्हती. आणि मधल्या रांगेत दुसरी आणि चौथी यांच्यामध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. तिथून मागच्या बाईची साडी आता स्पष्ट दिसत होती.

तिच्या हातातून फोटो पडला.

त्या आवाजानं मार्तंड वळला. त्यानं तिच्याकडे पाहिलं...

पूर्ण पाहिलं. मन कुठेही मागे न ठेवता. तीन संध्याकाळी तो भिंगातून ज्या नजरेनं पाहत होता, तीच नजर. सुमती चार महिने ज्या नजरेसाठी तळमळत होती, तीच.

"अशी उभी काहून?" तो मायेनं म्हणाला. "अरू, पान वाढ ना. यमुताई थांबल्या आहेत."

इंदूबाई दचकली नाही. यमुताई दचकल्या नाहीत. "ये वं माझी लेक," म्हणत इंदूबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात सुमतीला लागला. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिला कोणाचा तरी स्पर्श जाणवला.

मी मावशीला विचारलं होतं, "मग तू काय केलंस?"

"मी ओ दिली," ती म्हणाली. "'आले' म्हणाले, आणि पान वाढलं."

झालं. एवढंच घडलं. कोणी मेलं नाही, कोणाला वेड लागलं नाही. उलट दोघांचा संसार असा झाला, की आळीत त्यांचं नाव निघायचं. मार्तंडकाकांनी तिला फुलासारखं जपलं. हाक मात्र अरू म्हणूनच मारायचे. आमच्याकडे सगळ्यांना वाटायचं, बिचाऱ्याच्या तोंडात पहिलीचं नाव बसलंय. माझी आई रागवायची, पण "सुमीची तक्रार नाही तर आपण काय बोलायचं," म्हणून गप्प बसायची.

हे सगळं मावशीनं मला यंदा, चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात सांगितलं. मी कामानिमित्त नागपूरला गेलो होतो, दोन दिवस त्यांच्याकडे राहिलो. तो फोटो बैठकीच्या भिंतीवर आहे. मी समोर उभं राहून बराच वेळ पाहिला. भुवईवर व्रण आहे का? काचेवर चरा आहे की व्रण, मला सांगता येणार नाही. मावशीची भुवई पाहावी म्हणून मी दोनदा तिच्याकडे वळलो. दोन्ही वेळा तिनं पदर पुढे ओढला.

खरं सांगायचं तर इथवर मला ही गोष्ट म्हणजे एका एकट्या बाईच्या मनाचे खेळ वाटले होते.

संध्याकाळी काका फिरून आले. चपला काढल्या आणि थेट फोटोसमोर गेले. मी स्वयंपाकघरात मावशीपाशी बसलो होतो, मधलं दार लोटलेलं होतं. बाहेरून काकांचा आवाज येऊ लागला. हळू, लाडिक, मधेच भरून आलेला. कोणाला तरी दिवसभराच्या गोष्टी सांगत होते. आज ऊन किती होतं, आंबे कसे मिळाले.

मग स्पष्ट ऐकू आलं...

"चारच महिने राहिलीस गं, सुमती. तुझ्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही मी."

मी मावशीकडे पाहिलं.

ती पोळी लाटत होती. जबडा आवळलेला, लाटणं पोळपाटावर आपटत होतं. चेहरा रागानं काळवंडला होता.

"रोजचं आहे यांचं," ती म्हणाली. "इतकं केलं मी या माणसासाठी, आणि रोज संध्याकाळी जाऊन बसायचं ते त्या मेलेल्या बाईसमोर. काय होतं असं तिच्यात?"

"मावशी," मी म्हणालो, "सुमती तर तू आहेस ना?"

लाटणं थांबलं. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहून हसली. घरात आलेल्या, पण आपल्या नात्यात नसलेल्या पाहुण्याकडे पाहून बाई हसते, तशी.

"भाजीत मीठ बरोबर आहे का सांगा," ती म्हणाली.

जन्मापासून ती मला अरे-तुरे करत आली होती.

मी रात्रीच्याच गाडीनं परत निघालो. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला एकच बहीण आहे. ती दर दिवाळीला "चि. सुमीस आशीर्वाद" असं लिहून पत्र टाकते. उत्तर वेळेवर येतं. खुशाली असते, काकांच्या तब्येतीचं असतं, सगळं असतं.

परवा मी ती सतरा वर्षांची पत्रं काढून पाहिली. एकाही पत्राखाली नाव नाही.